घडी मोडते, साखळी तुटत नाही : प्रथिनांतले बदल शिकवताना



"अंडे उकडल्यावर त्यातील प्रथिनांचे काय होते?" असा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात टाकून बघा. एक उत्तर हमखास येतं : "उष्णतेने प्रथिने नष्ट होतात." पालकसभेतही हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो. कुकरमध्ये डाळ शिजवली की त्यातली प्रथिनं मरतात का? दूध उकळलं की त्यातला कस जातो का? कच्चं अंडं जास्त ताकदीचं का?

मुलांचं उत्तर अगदीच हवेतून आलेलं नाही. विकरं तापवली की काम करेनाशी होतात, हे ती पुस्तकात वाचतात. विकरं ही प्रथिनं असतात, तेही वाचतात. मग दोन्ही जोडून "प्रथिने नष्ट" असं लिहून मोकळी होतात. गडबड 'नष्ट' या शब्दात आहे. प्रथिनात होणारे बदल एकाच जातीचे नसतात. कधी त्याची घडी मोडते, कधी त्याची साखळी तुटते, आणि कधी साखळीतला एखादा मणीच वेगळा असतो. हे तीन बदल वेगळे ओळखता आले की स्वयंपाकघरापासून दवाखान्यापर्यंतच्या बऱ्याच गोष्टी मुलांना आपोआप उलगडतात. नाही आले, तर घरात चुकीचे निर्णय घेतले जातात. ते कोणते, ते पुढे येईलच.

आधी मणी, मग माळ

अमिनो आम्ल हा लहानसा रेणू. मधोमध एक कार्बन आणि त्याला चार हात. एका हाताला अमिनो गट, दुसऱ्या हाताला आम्लाचा म्हणजे कार्बोक्सिल गट, तिसऱ्या हाताला साधा हायड्रोजन. चौथ्या हाताला जे असतं त्याला आपण 'बाजूचा गट' म्हणू. पहिले तीन हात जवळजवळ सगळ्यांचे सारखे. फरक पडतो तो चौथ्यात. ग्लायसिनमध्ये तिथेही नुसता हायड्रोजन आहे. लायसिनमध्ये लांब शेपटी आणि तिच्या टोकाला आणखी एक अमिनो गट आहे. सिस्टीनमध्ये गंधक आहे. काही बाजूचे गट पाण्यात रमतात, काही पाण्यापासून तेलासारखे पळतात, काहींवर धन विद्युतभार असतो तर काहींवर ऋण. अशी २० प्रकारची अमिनो आम्लं वापरून सजीवांची बहुतेक सगळी प्रथिनं बनतात.

दोन अमिनो आम्लं जोडली जाताना एकाच्या कार्बोक्सिल गटातून हायड्रॉक्सिल जातो, दुसऱ्याच्या अमिनो गटातून हायड्रोजन जातो, आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. उरतो तो पेप्टाइड बंध. प्रथिनं अशा बंधांनी जोडलेली असतात हे एमिल फिशर आणि फ्रान्झ हॉफमाइस्टर या दोघांनी १९०२ मध्ये स्वतंत्रपणे मांडलं.

इथे फळ्यावर एक छोटं गणित घाला, मुलांना आवडतं. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात. त्यांच्या दोन साखळ्या, एक २१ ची आणि एक ३० ची. तर पेप्टाइड बंध किती? घाईत बरीच जणं ५० म्हणतात. पहिल्या साखळीत २०, दुसरीत २९, म्हणून एकूण ४९. म्हणजे कागदावर या दोन साखळ्या जोडताना पाण्याचे ४९ रेणू बाहेर पडले, आणि त्या पूर्ण सोडवायच्या तर ४९ रेणू परत घालावे लागतील. हे 'परत घालणं' लक्षात ठेवायला सांगा, पचनाच्या वेळी लागणार आहे. जाता जाता हेही सांगा की इन्सुलिनमधल्या मण्यांचा पूर्ण क्रम फ्रेडरिक सँगर यांनी शोधला आणि त्यासाठी त्यांना १९५८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी कोणत्याच प्रथिनाचा पूर्ण क्रम माहीत नव्हता. तो ठरलेला असतो, कसाही चालत नाही, हे त्या कामामुळे पक्कं झालं.

नऊवारीची गोष्ट

मण्यांच्या माळेचं उदाहरण सगळेच देतात, पण ते इथवरच पुरतं. माळ कशीही पडली तरी ती माळच असते. प्रथिनाचं तसं नाही. त्याला काम करायचं तर विशिष्ट आकारात बसावं लागतं. म्हणून वर्गात नऊवारीचं उदाहरण द्यावं. नऊ वार कापड. नीट नेसलं, निऱ्या घातल्या, कासोटा मारला की त्यात शेतात वाकून लावणी करता येते, विहिरीचं पाणी शेंदता येतं. तेच कापड सुटून खाली पडलं तर? कापड तेवढंच, विण तीच, एक धागाही तुटलेला नाही. पण नेसलेल्या साडीचं काम ते करणार नाही.

प्रथिनाची साखळी अशीच दुमडते. काही भाग स्प्रिंगसारखा वळतो, काही भाग पत्र्याच्या पन्हाळींसारखा शेजारीशेजारी बसतो. या वळणांना हायड्रोजन बंध धरून ठेवतात. ते एकेकटे फार दुबळे असतात, पण संख्येने भरपूर. मग हा सगळा ऐवज पुन्हा गोळा होतो. पाणी न आवडणारे बाजूचे गट आत तोंड लपवतात, पाणी आवडणारे बाहेर येतात. काही ठिकाणी दोन सिस्टीन समोरासमोर आली की त्यांच्या गंधकांमध्ये पूल बांधला जातो. हा पूल मात्र मजबूत, टाचणीने पदर पक्का करावा तसा.

साखळी कुठेही कशीही वळू शकते असं नाही. पेप्टाइड बंध स्वतः ताठ असतो. वळायला जागा असते ती त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बंधांभोवती. तिथेही बहुतेक कोनांत अणू एकमेकांवर आदळतात. कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य, याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठातून मांडला. 'रामचंद्रन आलेख' आजही जगभर प्रथिनाची रचना तपासताना काढतात. आपल्या मुलांना परदेशी शास्त्रज्ञांची नावं पाठ असतात. हे नाव वर्गात आवर्जून घ्यावं.

अंड्याचा पांढरा भाग

आता अंडं. त्याच्या पांढऱ्या बलकात साधारण ८८ टक्के पाणी आणि १० ते ११ टक्के प्रथिनं. त्यांतलं निम्म्याहून जास्त एकच प्रथिन, ओव्हल्ब्युमिन. कच्च्या बलकात हे सगळे रेणू आपापल्या घडीत, पाण्यात सुटे सुटे तरंगत असतात, म्हणून तो पारदर्शक दिसतो. तापवायला लागलं की रेणू थरथरतात, दुबळे हायड्रोजन बंध सुटतात, घडी उलगडते. आत तोंड लपवून बसलेले पाणी-नावडते गट उघडे पडतात आणि शेजारच्या रेणूच्या तशाच गटांना चिकटतात. शंभर नऊवाऱ्या सुटून एकमेकींत अडकल्या तर जो गुंता होईल, तसा गुंता तयार होतो. त्या जाळ्यात पाणी अडकतं आणि प्रकाश विखुरतो, म्हणून पांढरा घट्ट गोळा दिसतो.

सगळी प्रथिनं एकाच तापमानाला सुटत नाहीत. बलकातलं एक प्रथिन ६१-६२ अंश सेल्सिअसच्या आसपासच दाद देतं, तर ओव्हल्ब्युमिन ८० अंशांपर्यंत टिकून राहतं. हाफ बॉइल्ड अंड्याचा बलक लुसलुशीत आणि जास्त उकडलेल्याचा रबरासारखा का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

घडी मोडण्याच्या या क्रियेला इंग्रजीतून आलेला शब्द डिनॅच्युरेशन. तो शब्द पुढे मुलांना लागणारच आहे, तेव्हा सांगावा. पण 'घडी मोडणे' हे आधी डोक्यात बसू द्यावं. आणि उष्णता हे घडी मोडण्याचं एकमेव साधन नाही. लिंबाचा रस, व्हिनेगर, दारूतलं अल्कोहोल, जोरात फेटणं, यांनीही घडी मोडते. केकसाठी पांढरा बलक फेटला की फेस उभा राहतो ना, तिथे गॅस पेटवलेलाच नसतो. मटणाचे पाये तास-दोन तास उकळून केलेलं सूप फ्रीजमध्ये ठेवलं की जेलीसारखं थिजतं. तिथे कोलॅजन या प्रथिनाचे तीन पेडांचे दोर सुटलेले असतात.

हुशार मूल इथे विचारतंच : मोडलेली घडी परत बसते का? हा प्रश्न आला की समजावं, तास जमला. उत्तर आहे : कधी कधी बसते, आणि तेही अगदी अचूक. ख्रिश्चन अँफिन्सन यांनी रायबोन्युक्लिएज नावाचं १२४ मण्यांचं विकर घेतलं. त्यात चार गंधक-पूल असतात. युरियाच्या तीव्र द्रावणात घालून आणि पूल तोडणारं रसायन वापरून त्यांनी त्याची घडी पूर्ण मोडली. विकर निकामी झालं. मग ती रसायनं हळूहळू काढून टाकली आणि हवेतल्या ऑक्सिजनने पूल परत बांधू दिले. विकर पुन्हा जवळजवळ पूर्ववत काम करू लागलं! आठ सिस्टीनांच्या चार जोड्या लावायच्या १०५ पद्धती असतात (७ × ५ × ३ × १, अकरावीच्या मुलांना करायला द्या). साखळीने त्यांतली बरोबर एक निवडली. म्हणजे घडी कशी घालायची याची माहिती मण्यांच्या क्रमातच आहे. या कामासाठी अँफिन्सन यांना १९७२ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

मग उकडलेलं अंडं थंड केल्यावर परत कच्चं का होत नाही? कारण तिथे गर्दी आहे. अँफिन्सन यांचं द्रावण विरळ होतं, प्रत्येक साखळीला आपापली घडी घालायला जागा होती. बलकात साखळ्या एकमेकींत गुंतून बसलेल्या असतात.

जांभळा रंग काय सांगतो

हे सगळं सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. शाळेच्या प्रयोगशाळेत बाययुरेट परीक्षा सहज करता येते, पण बहुतेक ठिकाणी ती एकाच पदार्थावर करून "प्रथिने आहेत" असं लिहून संपवतात. तिचा खरा उपयोग तुलनेसाठी करावा.

एका अंड्याचा पांढरा बलक सात-आठ पट पाण्यात चिमूटभर मीठ घालून ढवळा आणि कापडातून गाळा. दुसऱ्या अंड्याचा बलक कडक उकडून बारीक किसून घ्या. तिसऱ्या परीक्षानळीत साखरेचं पाणी. ग्लायसिनची बाटली असेल तर चौथ्या नळीत त्याचं द्रावण. प्रत्येकीत सोडिअम हायड्रॉक्साइडचं साधारण १० टक्के द्रावण तेवढ्याच मापाने घाला आणि वर मोरचुदाच्या १ टक्का द्रावणाचे चार-पाच थेंब टाका. सोडिअम हायड्रॉक्साइड कातडी आणि डोळे जाळतं. ते शिक्षकांनीच घालावं आणि सगळ्यांनी चष्मे लावावेत. मोरचूद जास्त पडलं तर त्याचाच निळा रंग सगळं झाकून टाकतो, म्हणून हात आखडता ठेवा.

कच्च्या बलकाची नळी लगेच जांभळी होते. उकडलेल्या किसाच्या नळीत घाई करू नका. दहा-एक मिनिटांत किसाचे कणच जांभळे पडू लागतात. साखरेचं पाणी निळंच राहतं, आणि ग्लायसिनही निळ्याच्या पुढे जात नाही. कारण हा जांभळा रंग पेप्टाइड बंधांचा आहे. तांब्याचा आयन साखळीतल्या लागोपाठच्या बंधांना धरतो तेव्हाच तो येतो. सुट्या मण्यात धरायला बंधच नाही.

आता मुलांना विचारा : उकडलेल्या अंड्यात जांभळा रंग आला, म्हणजे काय 'नष्ट' झालं आणि काय राहिलं? उत्तर त्यांच्याच तोंडून येऊ द्या. घडी गेली, साखळी शाबूत आहे.

साखळी खरोखर तोडायची तर किती कष्ट पडतात हेही सांगा. प्रयोगशाळेत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर साधारण २४ तास ठेवावं लागतं. तेव्हा कुठे सगळे मणी सुटे होतात आणि बाययुरेटचा जांभळा रंग येईनासा होतो. (निनहायड्रिन मात्र सुट्या मण्यांनाही जांभळा रंग देतं. कागदावरचे बोटांचे ठसे पोलीस याच रसायनाने उमटवतात, कारण घामात अमिनो आम्लं असतात.) आपला कुकर १२० अंशांच्या आसपास जातो खरा, पण त्यात तीव्र आम्ल नसतं आणि डाळीला वीस मिनिटंही पुरतात. तेव्हा "कुकरमध्ये प्रथिनं मरतात" या भीतीला काही आधार नाही.

दूध, दही आणि खरवस

दुधाच्या बाबतीत एक गंमत आहे. अंडं तापवलं की थिजतं, मग दूध का थिजत नाही? गाईच्या दुधात साधारण सव्वातीन टक्के प्रथिनं असतात आणि त्यातली सुमारे ८० टक्के केसीन असतात. केसीनला मुळातच घट्ट घडी नाही, त्यामुळे उकळल्याने मोडायला काही फारसं नसतं. ती कणांच्या रूपात दुधात तरंगतात आणि कणांवर ऋण भार असल्यामुळे एकमेकांना दूर ठेवतात. विरजणातले जिवाणू आम्ल तयार करतात, भार मिटतो, आणि पीएच ४.६ च्या सुमाराला कण एकमेकांना चिकटतात. ते दही. तापलेल्या दुधात लिंबू पिळलं तर तेच झटपट होतं, ते पनीर.

उरलेली वीसएक टक्के प्रथिनं मात्र घडीची असतात आणि ती ७० अंशांच्या पुढे उलगडून केसीनच्या कणांना चिकटतात. न तापवलेल्या दुधाचं दही सैल लागतं आणि चांगल्या उकळलेल्या दुधाचं घट्ट लागतं, त्यामागे हे आहे. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण दही कवडीसारखं लागायला दूध उकळावं लागतं हे पक्कं माहीत होतं.

आणि खरवस! गाय किंवा म्हैस व्यायल्यावरचा पहिला चीक घरात येतो. त्यात दूध, गूळ, वेलची घालून कुकरमध्ये वाफवला की विरजण नाही, लिंबू नाही, तरी वडी पडते. कारण पहिल्या चिकात साध्या दुधाच्या चौपटीहून जास्त प्रथिनं असतात, आणि त्यांचा मोठा वाटा घडीच्या प्रथिनांचा, विशेषतः प्रतिपिंडांचा असतो. तापवलं की त्यांची घडी मोडते आणि अंड्यासारखा गुंता होतो. खरवस थिजतो तो अंड्याच्या नियमाने, दह्याच्या नियमाने नाही.

या प्रतिपिंडांच्या उदाहरणात 'नष्ट' या शब्दाचा सगळा घोळ सुटतो. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात स्वतःची प्रतिपिंडं जवळजवळ नसतात. पहिल्या दिवसापुरतं त्याचं आतडं आईच्या चिकातली प्रतिपिंडं न तोडता, घडीसकट रक्तात घेऊ शकतं. नंतर ते दार बंद होतं. म्हणून वासराला कच्चा चीक हवा, आणि तो पहिल्या काही तासांतच हवा. आपण खातो तो वाफवलेला खरवस. त्यातल्या प्रतिपिंडांचं संरक्षणाचं काम संपलेलं असतं, पण अन्न म्हणून ती पूर्ण शिल्लक असतात. गावाकडच्या शाळांतल्या मुलांना हे जरूर सांगा. खरवसासाठी चीक काढायच्या आधी वासराचं पोट भरलेलं असलं पाहिजे.

पोटात काय होतं

आपल्याला प्रथिनं घडीसकट नको असतात. आपल्याला मणी हवे असतात. जठरातलं आम्ल आधी घडी मोडतं, मग पेप्सिन साखळीचे तुकडे करतं, पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून आलेलं ट्रिप्सिन आणि इतर विकरं ते आणखी बारीक करतात. प्रत्येक कापाला पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो (इन्सुलिनचे ४९ आठवा). जे प्रयोगशाळेत तीव्र आम्लात ११० अंशांना होतं, ते आपलं शरीर ३७ अंशांना काही तासांत करतं. विकरांचं महत्त्व सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. मटण मऊ व्हावं म्हणून कच्च्या पपईचा तुकडा वाटून लावतात, त्यातलं पपेनही असंच साखळी कापणारं विकर आहे.

गुंडाळलेल्या घडीत पेप्सिनला कात्री घालायला जागा मिळत नाही. घडी आधीच मोडलेली असेल तर काम सोपं. म्हणजे शिजवणं हे पचनाच्या विरोधात नसून पचनाची पूर्वतयारी आहे. बेल्जियममध्ये १९९८ साली हे मोजून पाहिलं गेलं. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचली, कच्च्या अंड्यातली ५१ टक्केच.

अकरावीतला एक मुलगा गेल्या वर्षी अभिमानाने सांगत होता की तो जिममधल्या दादाच्या सल्ल्याने रोज सकाळी चार कच्ची अंडी दुधात फेटून पितो. घरची परिस्थिती बेताची. आई अंड्यांसाठी वेगळे पैसे काढून ठेवते. त्या आकड्यांवरून त्याला फळ्यावर हिशेब करायला लावला. चारातली जवळजवळ दोन अंडी पचतच नव्हती. शिवाय कच्च्या बलकात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला इतकं घट्ट धरतं की शरीराला ते मिळत नाही. उकडल्यावर त्याची घडी मोडते आणि पकड सुटते. साल्मोनेला जिवाणूंचा धोका तो आणखी वेगळा. मुलाने हिशेब दोनदा तपासला आणि म्हणाला, "म्हणजे सर, गॅस वाचवायला अंडी फुकट घालवतोय मी."

राजमा आणि सोयाबीनच्या बाबतीत तर घडी मोडणं अत्यावश्यक आहे. कच्च्या राजम्यातलं एक प्रथिन आतड्याच्या अस्तराला चिकटतं आणि उलट्या-जुलाब होतात. कच्च्या सोयाबीनमधली काही प्रथिनं आपल्या ट्रिप्सिनलाच अडवून धरतात. भिजवून, पाणी टाकून देऊन, खळखळून उकळलं किंवा कुकरला शिट्ट्या दिल्या की ती निकामी होतात. नुसत्या मंद आचेवर कोमट ठेवून भागत नाही. "कच्चं ते पौष्टिक" हा हल्लीचा मंत्र कडधान्यांच्या बाबतीत पालकांनी जरा सांभाळूनच घ्यावा.

मग स्वयंपाकात प्रथिनांचं खरं नुकसान कधीच होत नाही का? होतं, पण वेगळ्या वाटेने. लायसिनच्या शेपटीचा अमिनो गट साखरेशी संयोग पावतो आणि पुढे तपकिरी, खमंग पदार्थ तयार होतात. या अभिक्रियेला फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार यांचं नाव आहे. त्यांनी ती १९१२ मध्ये मांडली. खवा आटवताना येणारा रंग, टोस्टची कड, बिस्किटाचा वास, सगळं त्यातलंच. इथे घडीचा प्रश्न नाही, मणीच बदलतो, आणि तो बदललेला लायसिन शरीराला वापरता येत नाही. लायसिन आपलं शरीर बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. आणि तांदूळ-गव्हात ते मुळात कमी. डाळीत ते भरपूर असतं, पण डाळीत मेथिओनिन कमी, जे भातात बऱ्यापैकी असतं. वरण-भाताची जोडी जमते ती यामुळे. चहा-बिस्किटावर शाळेत येणाऱ्या मुलाचं पोट भरतं, पण लायसिनच्या बाबतीत ते दोन्हीकडून मार खातं : गव्हात कमी, त्यात भाजताना आणखी घट.

एक मणी वेगळा

आतापर्यंत मण्यांचा क्रम सुरुवातीपासून बरोबर होता. तो जन्मतःच वेगळा असेल तर? याचं सर्वात महत्त्वाचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सिकलसेल आजार गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजात, मोठ्या प्रमाणावर आढळतो.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात : १४१ मण्यांच्या दोन आणि १४६ मण्यांच्या दोन, एकूण ५७४ मणी. सिकलसेलमध्ये १४६ वाल्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असतं. साखळ्या दोन, म्हणून ५७४ पैकी फक्त दोन मणी वेगळे. बाकी घडी जवळजवळ तशीच. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो आणि त्याला पाणी आवडतं, तर व्हॅलिन पाण्यापासून पळणारं. ते रेणूच्या बाहेरच्या अंगाला असल्याने, ऑक्सिजन सोडल्यावर एका रेणूचं व्हॅलिन शेजारच्या रेणूतल्या खाचेत जाऊन बसतं. असे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन लांब ताठ दोर तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तेव्हा हातापायांत असह्य दुखतं. लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी राहतं.

लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं की हे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं, म्हणजे दोष रेणूतच आहे. त्यानंतर काही वर्षांतच व्हर्नन इनग्रॅम यांनी तो नेमका मणी शोधला. ऋण भार कमी झाला, म्हणून सरकण्याचा वेग बदलला; बाजूच्या गटाचं महत्त्व मुलांना इथे जितकं पटतं तितकं व्याख्येने पटत नाही.

वर्गात हा भाग शिकवताना एक पथ्य पाळावं. समोर बसलेल्यांत वाहक किंवा रुग्ण असू शकतात. "कुणाच्या घरी आहे?" असं विचारू नये. आजार संसर्गाचा नाही, शेजारी बसल्याने होत नाही, हे मात्र स्पष्ट सांगावं. रुग्ण मुलाला खेळाच्या तासाला उन्हात ताटकळत ठेवू नये, पाणी प्यायला आणि लघवीला जायला कधीही अडवू नये. शरीरातलं पाणी कमी झालं की तेच दोर जास्त तयार होतात.

शाळेत किंवा आश्रमशाळेत तपासणी पथक येतं तेव्हा बोटातून रक्ताचा थेंब घेऊन बहुधा आधी विद्राव्यता चाचणी करतात. नळीतलं द्रावण स्वच्छ राहिलं तर ठीक; गढूळ झालं तर हे चिकटणारं हिमोग्लोबिन आहे. पण गढूळ नळी वाहकाची की रुग्णाची, हे त्या चाचणीत कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी करावी लागते. वाहक सहसा निरोगी असतो, पण आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिल्या चाचणीचा कागद घरी जातो आणि दुसरी तपासणी राहून जाते, असं होऊ देऊ नका. कागद देताना पालकांना समोर बसवून दुसऱ्या तपासणीची जागा आणि तारीख त्याच कागदावर लिहून द्या.